पिवळ्या रेषेच्या मागे उभा असलेला हेल्पर: आर्क फ्लॅश प्रशिक्षणाचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका कारखान्याच्या स्विचरूममधल्या आर्क फ्लॅशच्या अपघाताचं आहे. आर्क फ्लॅश म्हणजे शॉर्ट सर्किट होताना हवेतून पेटणारी विजेची स्फोटक ज्वाळा. कारखाना आणि माणसं ओळखू येतील असं सगळं काढून टाकलं आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. अपघाताच्या ११ महिने आधी तिथल्या इलेक्ट्रिकल विभागाला आर्क फ्लॅशचं प्रशिक्षण मीच दिलं होतं. त्यामुळे पुढचं लिखाण त्रयस्थाचं नाही.

पार्श्वभूमी

१,६०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्याखाली ४१५ व्होल्टचं पॅनल. पॅनलमध्ये एक इन्कमर (वीज आत आणणारा) आणि ११ आउटगोइंग फीडर (वीज पुढे वाटणारे), सगळे ट्रॉलीवर आत-बाहेर सरकणारे एअर सर्किट ब्रेकर. बसबारवर (सगळ्या फीडरना वीज देणारे धातूचे पट्टे, थोडक्यात ‘बस’) शॉर्ट सर्किट झालं तर प्रवाह ४४ किलोअँपिअरपर्यंत जाऊ शकतो, एवढी त्या ट्रान्सफॉर्मरची ताकद. पॅनल जुनं असलं तरी देखभाल नीट होती. स्विचरूम अरुंद होती, पॅनलच्या तोंडापासून समोरच्या भिंतीपर्यंत साडेतीन मीटर. या साडेतीन मीटरचा संबंध पुढे येणार आहे.

आर्क फ्लॅशचा अभ्यास झालेला होता. आयईईई १५८४ या आर्क फ्लॅशच्या गणिताच्या मानकाप्रमाणे गणित करून प्रत्येक क्युबिकलवर (पॅनलच्या कप्प्यावर) लेबल लावलं होतं. लेबलवरचे आकडे असे: ६१० मिलिमीटर अंतरावर ११.४ कॅलरी प्रति चौरस सेंटीमीटर उष्णता, आर्क फ्लॅशची हद्द २.८ मीटर. विभागाकडे ४० कॅलरीचे (तेवढी उष्णता झेलणारे) दोन सूट होते, हूडसकट. रबरी हातमोजे आणि त्यावरचे चामड्याचे मोजेही होते, त्यांची चाचणीही वेळेवर व्हायची.

प्रशिक्षण एक दिवसाचं होतं आणि वर्गातच झालं. २६ जण बसले, सगळे परीक्षेत पास झाले. त्यात इलेक्ट्रिशियन होते, सुपरवायझर होते, दोन इंजिनीअर होते. उत्पादन विभागातलं कोणी नव्हतं. कंत्राटी हेल्परही नव्हते. यादी विभागाने दिली आणि मी ती तशीच घेतली.

माझ्या त्या दिवसाच्या स्लाइडमध्ये हद्दींची एक स्लाइड होती. या व्होल्टेजला शॉकच्या दृष्टीने परक्या माणसाने थांबायची जागा साधारण १ मीटरवर येते, तो आकडा ठळक अक्षरात होता. त्याखाली आर्कची हद्द, आणि तिच्यापुढे फक्त ‘लेबल पाहा’. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काही नव्हती. शॉकची हद्द व्होल्टेजवर ठरते, म्हणून एकच आकडा देता येतो. आर्कची हद्द फॉल्टचा (शॉर्ट सर्किटचा) प्रवाह आणि ब्रेकर पडायला, म्हणजे आपोआप वीज तोडायला, लागणारा वेळ यांवर ठरते, म्हणून ती प्रत्येक पॅनलची वेगळी. पण प्रशिक्षणानंतर पंधरा दिवसांत विभागाने उत्साहाने पॅनलसमोर फरशीवर पिवळी रेषा मारली, ती १ मीटरवर. ज्या हद्दीला आकडा होता ती फरशीवर उतरली. जिच्यापुढे ‘लेबल पाहा’ लिहिलं होतं ती स्लाइडवरच राहिली.

त्या रात्री काय झालं

ब्लोअरच्या फीडरचा ब्रेकर स्प्रिंग चार्ज होत (ताणली जात) नाही म्हणून दुपारी बाहेर काढला होता. रात्रपाळीत त्याची चार्जिंग मोटर बदलून झाली. आता तो परत आत बसवायचा, म्हणजे रॅक-इन करायचा होता. ब्लोअर नसला म्हणून काही अडलं नव्हतं, स्टँडबाय ब्लोअर चालू होता. त्याच्या बेअरिंगचा थोडा आवाज येत होता, एवढंच.

पाळीतल्या इलेक्ट्रिशियनला १९ वर्षांचा अनुभव. त्याने शिफ्ट इन्चार्जला फोन केला.

“साहेब, बस बंद मिळेल का? वीस मिनिटं पुरे.”

“बस बंद केली तर अर्धा प्लँट खाली येतो. सूट आहे ना तुमच्याकडे? घाला आणि करून टाका. सकाळच्या मीटिंगमध्ये मला ब्लोअर लागलेला दाखवायचाय.”

“बरं.”

सगळा निर्णय एवढ्यात झाला. परमिटवर ‘काम चालू बसवर’ या रकान्यात टिकमार्क केला. कारणाच्या रकान्यात ‘उत्पादनाची गरज’ असं लिहिलं. सही शिफ्ट इन्चार्जची, फोनवरून सांगितली म्हणून.

इलेक्ट्रिशियनने सूट घातला, हूड चढवला. कानात बोळे घातले नाहीत, कारण ते सूटच्या पिशवीत नव्हते. त्या क्युबिकलचं दार बंद ठेवून रॅकिंग करता येण्याची सोय होती, दाराला हँडलसाठी भोक असतं तसं ते होतं. पण बिजागरी खाली बसल्यामुळे भोक आणि रॅकिंगचा दांडा एका रेषेत येत नव्हते. म्हणून गेली काही वर्षं त्या क्युबिकलचं रॅकिंग दार उघडं ठेवूनच चालायचं. हूडच्या रंगीत काचेतून आतला पोझिशन दर्शक नीट दिसेना, म्हणून त्याने हेल्परला टॉर्च धरायला सांगितलं.

“रेषेच्या आत यायचं नाही हं.”

“नाही काका, मी मागेच आहे.”

हेल्पर चार महिन्यांपूर्वी लागलेला. तो रेषेच्या मागे, पॅनलपासून साधारण २ मीटरवर उभा राहिला. अंगात पॉलिएस्टर मिसळलेला टी-शर्ट, हात उघडे. त्याला जे सांगितलं होतं ते त्याने अगदी तंतोतंत पाळलं होतं.

ब्रेकर टेस्ट पोझिशन (जिथे तो अजून बसला जोडलेला नसतो) ओलांडून सर्व्हिस पोझिशनच्या (जिथे तो बसला जोडला जातो) जवळ आला. ब्रेकरच्या मागच्या बाजूला बोटांसारख्या पट्ट्यांचे जॉ काँटॅक्ट असतात. ते बसबारच्या टोकांना स्प्रिंगने घट्ट धरतात. त्यांतल्या एका गुच्छाची स्प्रिंग तुटलेली होती, आणि ब्रेकर दुरुस्तीच्या टेबलावर असताना ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. एक पट्टी निसटून दोन फेजच्या मध्ये गेली.

फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या रिलेच्या नोंदीप्रमाणे इन्कमर ०.४ सेकंदाने पडला. इलेक्ट्रिशियन मागे फेकला गेला आणि समोरच्या भिंतीला टेकला. सूट काळा पडला, हूडची काच धुरकटली, पण त्याला भाजलं नाही. दोन्ही कानांत पुढचे कित्येक दिवस शिट्टी वाजत राहिली. हेल्परने टॉर्च धरलेल्या हाताने तोंड झाकलं, त्यामुळे डोळे वाचले. हाताची मागची बाजू, कोपरापर्यंतचा भाग आणि मान भाजली, दुसऱ्या डिग्रीचं भाजणं. टी-शर्टच्या कॉलरची कड वितळून मानेला चिकटली होती. ती दवाखान्यात भूल देऊन काढावी लागली.

नेमकी अडचण

कारखान्याच्या चौकशीचा पहिला मसुदा आला तेव्हा त्यात मूळ कारण लिहिलं होतं: ‘हेल्परने सुरक्षा साधनं वापरली नाहीत.’ मला बोलावलं ते ‘पुन्हा एकदा ट्रेनिंग घ्या’ म्हणून. मी आधी स्विचरूममध्ये गेलो, टेप घेऊन.

पिवळ्या रेषेच्या पलीकडे १ मीटरवर हेल्परच्या बुटांचे ठसे होते, काजळीत उमटलेले. त्या जागी उभं राहून मी समोरच्या क्युबिकलवरचं लेबल वाचायचा प्रयत्न केला. वाचता येत नव्हतं. अक्षरं इंग्रजी आणि बारीक होती, आणि उघडलेल्या दारामुळे लेबल भिंतीकडे तोंड करून होतं. म्हणजे ज्या क्षणी लेबलची गरज, नेमक्या त्याच क्षणी ते दिसेनासं व्हायचं.

आता लेबलवरचाच आकडा घ्या. हद्द २.८ मीटर. हेल्पर २ मीटरवर. म्हणजे छापलेल्या आकड्याप्रमाणेसुद्धा तो हद्दीच्या आत होता. उघड्या कातडीवर १.२ कॅलरी प्रति चौरस सेंटीमीटर उष्णता पडली की दुसऱ्या डिग्रीचं भाजणं सुरू होतं. आर्क फ्लॅशची हद्द म्हणजे हेच अंतर, जिथे उष्णता १.२ वर येते. तिच्या आत साध्या कपड्यात उभं राहायचं नसतं. बघायला नाही, टॉर्च धरायलाही नाही.

पण लेबलवरचा आकडासुद्धा आता खरा नव्हता. अपघाताच्या दोन वर्षं आधी खालच्या फीडरवर फॉल्ट आला की फीडरबरोबर इन्कमरही पडायचा आणि सगळा विभाग अंधारात जायचा. म्हणून इन्कमरच्या शॉर्ट टाइमचा विलंब (फॉल्ट आल्यावर पडण्याआधी थांबायचा वेळ) ०.२ सेकंदावरून ०.४ सेकंद केला. सिलेक्टिव्हिटीच्या (फक्त फॉल्टचा फीडर पडावा, बाकी चालू राहावं या) दृष्टीने निर्णय बरोबरच होता. पण आर्कमधली उष्णता वेळेच्या सरळ प्रमाणात वाढते. वेळ दुप्पट म्हणजे ११.४ चे २३ कॅलरी. हद्द २.८ वरून साडेचार मीटर. आणि खोली साडेतीन मीटरची! त्या खोलीत पॅनलसमोर साध्या कपड्यात उभं राहण्याजोगी जागाच उरली नव्हती. हेल्परच्या जागेवर गणिताने साधारण ४ कॅलरी येतात, भाजण्याच्या उंबरठ्याच्या तिप्पट. रिलेचं सेटिंग बदलणाऱ्या इंजिनीअरला लेबलची आठवण कोणी करून दिली नाही, कारण सेटिंग बदलण्याच्या फॉर्मवर लेबलचा रकानाच नव्हता.

वर्गात मी आर्कचं तापमान सांगितलं होतं. आर्कच्या गाभ्यात ते १९,००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं, सूर्याच्या पृष्ठभागाच्या तिप्पट-चौपट. तांब्याची वाफ होताना ते ६७,००० पट फुगतं हेही सांगितलं होतं. पाण्याची वाफ होताना ते साधारण १,७०० पटच फुगतं, त्यावरून धडाक्याची कल्पना येते. लोकांनी हे आकडे लक्षात ठेवले. चौकशीत इलेक्ट्रिशियनने मला ते घडाघडा म्हणून दाखवले. पण ‘तुझ्या समोरच्या पॅनलची हद्द किती?’ असं विचारल्यावर त्याने फरशीवरच्या पिवळ्या रेषेकडे बोट दाखवलं. त्याचं बोट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी त्याला सूर्याचं तापमान शिकवलं आणि त्याच्या स्वतःच्या पॅनलचा आकडा शिकवला नाही.

शॉक आणि आर्क यांची अशी सरमिसळ सगळीकडे आढळते, आणि तिला इतिहास आहे. विजेपासून किती लांब राहायचं हे पिढ्यान्पिढ्या शॉकच्या हिशेबाने शिकवलं गेलं. उघड्या तारेला हात लागू नये, बस्स. आर्कची उष्णता आणि अंतर यांचं गणित राल्फ ली या अभियंत्याने १९८२ मध्ये मांडलं, आणि आयईईई १५८४ ची पहिली आवृत्ती आली ती २००२ मध्ये. अंगवळणी पडलेली सवय जुन्या धोक्याची असते. माणूस नव्या धोक्यालाही त्याच मापाने मोजतो.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. ‘काम चालू बसवर करायचं की बंद करून’ हा त्या रात्रीचा खरा सुरक्षेचा प्रश्न होता, आणि तो फोनवर अर्ध्या मिनिटात सुटला. तो सोडवणारा माणूस माझ्या वर्गात नव्हता. त्याला सूट आहे एवढंच ठाऊक होतं. सूट कशासाठी असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सूट हे सगळं चुकल्यानंतर उरणारं शेवटचं पांघरूण आहे. ४० कॅलरीचा सूट धडाक्याचा दाब थांबवत नाही, उडणारे धातूचे तुकडे थांबवण्याची हमी देत नाही. आणि तो घातलेल्या माणसाच्या मागे उभ्या असलेल्याला तर काहीच देत नाही. माझ्या प्रशिक्षणामुळे सूट आल्याने चालू बसवर काम करणं उलट सोपं वाटू लागलं होतं. आधी ‘धोका आहे, नको’ म्हणणारा माणूस आता ‘सूट आहे, करा’ म्हणत होता.

समोरचे पर्याय

कारखान्याच्या व्यवस्थापनाबरोबर दोन दिवस बसलो. टेबलावर काय काय आलं ते सांगतो.

सगळ्यात आधी मागणी आली ती आणखी सूट घेण्याची: हेल्परलाही सूट द्या. वरवर योग्य वाटतं. मी विरोध केला. हेल्पर तिथे हवाच कशाला, हा आधीचा प्रश्न. तो टॉर्चसाठी होता. टॉर्च हूडला लावता येते.

दुसरी सूचना तक्त्याची होती. एनएफपीए ७०ई या विद्युत सुरक्षेच्या अमेरिकन मानकामध्ये गणित न करता वापरायचे तक्ते आहेत. त्यातली सर्वात वरची श्रेणी ४ म्हणजे ४० कॅलरी. ‘सगळीकडे श्रेणी ४ लावून टाकू, लेबलची कटकट नको.’ पण तक्त्याला अटी असतात. या जातीच्या स्विचगियरसाठी तो ३५ किलोअँपिअर आणि ०.५ सेकंदापर्यंतच लागू पडतो. इथला फॉल्ट ४४ चा. तक्ता इथे वापरताच येत नव्हता. तक्ते वापरणाऱ्या बऱ्याच ठिकाणी खालच्या अटी कोणी वाचत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

तिसरा पर्याय इन्कमरचा विलंब परत ०.२ वर आणण्याचा. त्याने उष्णता निम्मी होते, पण फीडरच्या फॉल्टला सगळा विभाग पडण्याची जुनी डोकेदुखी परत येते. मग कोणीतरी वैतागून सहा महिन्यांनी पुन्हा वाढवणार.

चौथा, मेंटेनन्स स्विच. काम सुरू करण्याआधी स्विच फिरवला की इन्कमरचा रिले तात्पुरता विलंब सोडून तत्काळ पडायच्या सेटिंगवर जातो. फॉल्ट ०.०५ सेकंदात तुटतो आणि २३ कॅलरीचे जेमतेम ३ होतात. रिले आधुनिक होता, त्यामुळे सोय आत होतीच, वायरिंग तेवढं करायचं होतं.

पाचवा, दुरून रॅकिंग करणारं यंत्र, म्हणजे माणूस खोलीबाहेर आणि मोटर हँडल फिरवणार. सहावा, आर्कचा प्रकाश ओळखून काही मिलिसेकंदांत ट्रिप देणारा रिले. दोन्ही चांगले, पण या जुन्या पॅनलला दोन्ही बसवायचे तर लांबलचक शटडाउन हवा होता.

आणि सातवा, ज्याला कोणी पर्याय म्हणत नव्हतं, तो म्हणजे बस बंद करून काम करणं. मी तो फळ्यावर सगळ्यात वर लिहिला. उत्पादन प्रमुख म्हणाले, “हा काही पर्याय नाही, ही तर अडचण आहे.” मी त्यांना त्या रात्रीचं परमिट दाखवलं आणि विचारलं की ‘उत्पादनाची गरज’ म्हणजे नेमकं काय, स्टँडबाय तर चालू होता. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनीच विचारलं, “बस बंद करायला खरंच वीस मिनिटं लागतात का?” हिशेब केला. लोड दुसऱ्या विभागावर घेऊन, लॉक लावून, वीज नाही हे तपासून, काम करून परत सुरू करायला ५० मिनिटं. अपघातानंतर तोच विभाग नऊ दिवस बंद होता.

काय केलं

शेवटी मेंटेनन्स स्विच बसवला, लेबलं नव्याने केली, आणि प्रशिक्षण पूर्ण मोडून परत बांधलं. स्विच आणि लेबलांबद्दल थोडक्यात सांगतो, प्रशिक्षणाबद्दल सविस्तर.

नवी लेबलं मराठीत आणि मोठ्या अक्षरात केली. प्रत्येक क्युबिकलला दोन लावली, एक दारावर आणि एक चौकटीच्या वरच्या पट्टीवर, म्हणजे दार उघडलं तरी दिसेल. लेबलवर दोन ओळी: मेंटेनन्स स्विच बंद असताना २३ कॅलरी, साडेचार मीटर, चालू असताना ३ कॅलरी, १.१ मीटर. इन्कमरच्या क्युबिकलला मात्र एकच ओळ, कारण इन्कमरच्या वरच्या टोकाला आर्क झाला तर इन्कमर तो तोडू शकत नाही. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या एचटी (उच्च दाबाच्या) बाजूचं संरक्षण काम करतं आणि ते हळू आहे. मेंटेनन्स स्विच फिरवला म्हणून पूर्ण पॅनल निर्धोक झालं असं समजणारा माणूस इन्कमरमध्ये हात घालेल, ही भीती होती. म्हणून तिथे लाल पट्टी आणि ‘एचटी बंद केल्याशिवाय दार उघडू नये’.

आणि पिवळी रेषा खरवडून काढली. स्विच चालू असताना हद्द योगायोगाने जवळपास त्या रेषेएवढीच येते, तेव्हा ‘राहू द्या ना’ असा आग्रह झाला. मी ऐकलं नाही. कधी खरी, कधी खोटी अशी रेषा फरशीवर नको.

प्रशिक्षणाची पहिली बॅच उत्पादनाच्या शिफ्ट इन्चार्ज लोकांची घेतली. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या आधी. दोन तासांचीच, पण स्विचरूममध्ये. त्यांना सूट घालायला लावला, हूड चढवायला लावला, आणि मग लहान स्क्रू घट्ट करायला सांगितला. पाच मिनिटांत घामाने काच धुरकटते, हातमोज्यांतून स्क्रूड्रायव्हर निसटतो. फोनवर ‘घाला आणि करून टाका’ म्हणणाऱ्याला हे एकदा स्वतःच्या हाताने कळायला हवं होतं. मग दोरी दिली आणि लेबल वाचून हद्द आखायला सांगितली. साडेचार मीटरची दोरी भिंतीला लागून दुमडली गेली तेव्हा एकजण हळूच म्हणाला, “म्हणजे सगळी खोलीच.” यापुढे मला काही सांगावं लागलं नाही.

परमिटवर ‘उत्पादनाची गरज’ हे शब्द चालणार नाहीत, असं ठरलं. बस बंद केली तर कुठला वेगळा धोका उभा राहतो किंवा ते का शक्यच नाही, हे लिहायचं. फोनवर सही नाही. परमिट देणाऱ्याने इलेक्ट्रिशियनला तीन गोष्टी विचारायच्या आणि उत्तरं लिहायची: लेबलवर किती कॅलरी, हद्द किती, आणि हद्दीच्या आत कोण कोण असेल.

इलेक्ट्रिशियनची बॅच शटडाउनमध्ये, बंद केलेल्या पॅनलवर घेतली. तिथे एका गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ गेला: वीज नाही हे तपासणं हेसुद्धा चालू पॅनलवरचंच काम आहे. टेस्टरने ‘नाही’ म्हणेपर्यंत पॅनल जिवंतच धरायचं, म्हणून तपासताना सूट अंगात हवा आणि तपासून झाल्यावर काढायचा. बहुतेक जण उलट करत. आधी मीटर लावून पाहायचं, मग जरूर वाटली तर सूट. तपासणीही तीन पायऱ्यांची: माहीत असलेल्या चालू जागी मीटर लावून तो चालतो का पाहायचं, मग बंद केलेल्या जागी, मग परत चालू जागी. मधल्या वेळात मीटरची लीड तुटली तर शून्य दिसतं, आणि ते शून्य खोटं असतं. पहिल्या पायरीनंतर मी एका मीटरची लीड मुद्दाम आतून तोडली होती. १४ पैकी ६ जणांनी तिसरी पायरी गाळली आणि तो मीटर ‘बरोबर’ म्हणून परत दिला. कोणाला हसायचं नाही असं आधीच बजावलं होतं. सगळ्यांनी पुन्हा केलं.

रॅकिंगआधी ब्रेकर बाहेर असतानाच जॉ काँटॅक्टची प्रत्येक पट्टी बोटाने दाबून पाहायची, हेही हातात बसवलं. अपघात ज्या स्प्रिंगने झाला तिची जोडीदार मी टेबलावर ठेवली होती. करंगळीच्या पेराएवढी स्प्रिंग.

हेल्पर आणि सफाई कामगारांची बॅच पाऊण तासाची. त्यांना कॅलरी शिकवल्या नाहीत. तीनच गोष्टी: दोरी बांधलेली असली की आत नाही, कोणी बोलावलं तरी नाही, स्विचरूममध्ये पॉलिएस्टर नाही. ‘कोणी बोलावलं तरी’ हे वाक्य त्यांनी मोठ्याने म्हणायचं होतं. १९ वर्षांचा अनुभवी काका टॉर्च धर म्हणतोय आणि चार महिन्यांच्या पोराने नाही म्हणायचं, हे सोपं नाही. म्हणून तोच इलेक्ट्रिशियन त्या बॅचला येऊन उभा राहिला. तो म्हणाला, “मी बोलावलं तर मला नाही म्हणा. मी रागावणार नाही.” ही कल्पना माझी नव्हती, त्याचीच होती.

काय निष्पन्न झालं

पुढच्या १४ महिन्यांत त्या पॅनलवर चालू बसवर कामाची परमिट फक्त ३ निघाली. आधीच्या वर्षी ४१ होती. तिन्हींमध्ये कारण नीट लिहिलेलं आहे. शिफ्ट इन्चार्ज आता स्वतःहून विचारतात, “बस कधी हवी?” मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. चौथ्या महिन्यात एका कामानंतर मेंटेनन्स स्विच चालूच राहिला. दुसऱ्या दिवशी मोठी मोटर सुरू होताना इन्कमर पडला आणि अख्खा विभाग बंद. ‘हा स्विचच नको’ अशी ओरड झाली. मग स्विचला किल्ली बसवली. काम संपल्यावर किल्ली कंट्रोल रूममध्ये आल्याशिवाय परमिट बंद होत नाही, आणि स्विच चालू असेपर्यंत कंट्रोल रूममध्ये पिवळा दिवा जळत राहतो. खरं तर हा दिवा पहिल्याच दिवशी असायला हवा होता.

दोरीचाही त्रास आहे. साडेचार मीटरची हद्द म्हणजे खोलीच बंद, आणि बॅटरीच्या खोलीचा रस्ता याच खोलीतून जातो. लोक दोरीखालून वाकून जात असल्याचं दोनदा आढळलं. आता काम चालू असेपर्यंत बाहेरचं दारच लॉक करतात आणि बॅटरीच्या खोलीला मागून जिना केलाय.

हेल्पर सात आठवड्यांनी कामावर परतला. हात बरा आहे, मानेवर डाग आहे. स्विचरूममध्ये तो येत नाही आणि त्याला कोणी पाठवत नाही. त्याला आता भांडारात काम दिलंय.

परत करायचं झालं तर

पहिलं, प्रशिक्षणार्थींची यादी मी स्वतः करेन. कामाची नव्हे, निर्णयाची साखळी धरून: बस बंद करायला ‘नाही’ कोण म्हणू शकतं, तिथून सुरुवात आणि टॉर्च कोण धरतो, तिथे शेवट.

दुसरं, वर्गात बसवण्याआधी त्यांच्या पॅनलची लेबलं आणि रिलेची आजची सेटिंग शेजारी शेजारी ठेवून पाहीन. त्या पहिल्या प्रशिक्षणाच्या वेळी मी हे केलं असतं तर जुळत नाहीत हे अर्ध्या तासात कळलं असतं, कारण विलंब त्याच्या वर्षभर आधीच बदललेला होता. आता तिथल्या सेटिंग बदलण्याच्या फॉर्मवर ‘लेबल बदललं का?’ हा रकाना आहे.

तिसऱ्या गोष्टीबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. सूर्याचं तापमान, तांब्याची वाफ, भाजलेल्या माणसांची चित्रं यांचा उपयोग होतो का? लोक सरसावून बसतात हे खरं. पण भीती घालून शिकवलं की लोक धोका कुठेतरी दूर, चित्रात आहे असं समजतात, असं मला आता वाटतं. मी चित्रं काढून टाकली आहेत, ती स्प्रिंग ठेवली आहे.

त्या रात्री फोन करणाऱ्याने ‘बरं’ म्हणण्याऐवजी काय म्हणायला हवं होतं, हे आम्ही त्याच्याबरोबरच बसून शोधलं. त्याचं उत्तर असं होतं: “साहेब, इथे २३ कॅलरी आहे आणि स्टँडबाय चालू आहे. सकाळी बस बंद करून घेऊ.” त्याला आकडा माहीत असता तर हे वाक्य त्याच्याकडे असतं.

काही कामं बाकी आहेत. ११ फीडरपैकी ९ क्युबिकलची दारं आता बंद ठेवून रॅकिंग करता येतं, बिजागऱ्या बदलल्या. दोनांची चौकटच वाकली आहे, ती पुढच्या मोठ्या शटडाउनमध्ये बदलायची. तोवर त्या दोघांच्या रॅकिंगच्या भोकांना कुलूप आहे, आणि किल्ली बस बंद झाल्याच्या परमिटबरोबरच मिळते.